दोन फ्रेमचा उशीर

शर्वाणी "दे" म्हणाली आणि अमृजाचं बोट आपसूक हललं. पण बोटाखाली बटण नव्हतं. ती खुर्चीत नव्हतीच. खुर्चीमागच्या स्टुलावर, मांडीवर टॅब घेऊन बसली होती. ते "दे" रंजितासाठी होतं. पडद्यावर ढाल उघडली, फटीतून भाला सुटला, ढाल मिटली आणि समोरच्या जोडीचा बुरूज खाली आला. शर्वाणीने मान वळवून रंजिताकडे पाहिलं आणि ती हसली. ते हसू अमृजाच्या चांगलं ओळखीचं होतं. सात वर्षं ते तिच्या वाट्याला आलं होतं.

ही गोष्ट २०४१च्या हिवाळ्यातली. नाशकात गंगापूर रोडवरचं एक मल्टिप्लेक्स बंद पडलं होतं आणि त्यातलं सर्वांत लहान सभागृह एका क्लबने सरावासाठी घेतलं होतं. खुर्च्या काढल्या तरी उताराची जमीन तशीच राहिली, त्यामुळे पेन्सिल पडली की थेट पहिल्या रांगेपर्यंत जायची. तिथे ‘तटबंदी’ हा खेळ चाले. दोन विरुद्ध दोन. जोडीतली एक ढाल, दुसरी भाला. ढाल मिटलेली असेपर्यंत कुणी तुमचं वाकडं करू शकत नाही, पण तुमचा भालाही बाहेर पडत नाही. ढाल उघडायची, भाला सोडायचा आणि शत्रूचा बाण आत शिरण्यापूर्वी ढाल मिटायची. हा सगळा कारभार पापणी लवायच्या आत. म्हणून ‘तटबंदी’त एकट्याने चांगलं खेळणाऱ्याला कुणी विचारत नसे. जोडी लागायची.

अमृजा भालेकर आणि शर्वाणी धोंगडे ही तशी जोडी होती. शर्वाणी ढाल उघडून ‘दे’ म्हणायची, अमृजा भाला सोडायची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी दोघी वसतिगृहात एका खोलीत आल्या आणि पुढे नोकऱ्या सोडून याच खेळात राहिल्या. कॉलेज रोडला त्यांनी मिळून फ्लॅट घेतला होता. सामन्याआधी अमृजाचे हात बर्फासारखे गार पडत, तेव्हा शर्वाणी ते आपल्या तळहातांत घेऊन चोळायची. इतर संघांचे लोक त्यावरून चेष्टा करत. पण राज्यात त्यांना हरवणारी जोडी नव्हती.

मग नवे पडदे आले, आणि नवापूरची रंजिता वळवी आली.

रंजिताला हात होता, पण यंत्रातलं ओ का ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "ताई, सगळे सिंक-सिंक म्हणतात, ते असतं काय नेमकं?"

अमृजा आता क्लबची ट्यूनर होती. प्रत्येक खेळाडूचा पडदा त्याच्या डोळ्याला नि हाताला जुळवून देणं हे तिचं काम. तिने विचारलं, "घरी पोळ्या कोण करतं?"

"आमच्याकडे भाकरी."

"बरं, भाकरी. आई थापते आणि तू तव्यावर टाकतेस असं धर. थापणारी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ते एकेक चित्र तयार करतं, त्याला फ्रेम म्हणायचं. तवा म्हणजे पडदा. तवा ठरलेल्या ठेक्याने भाकरी मागतो. पण थापणं कधी भरभर होतं, कधी सावकाश. तव्याने मागितली आणि भाकरी अर्धीच थापलेली असली तर?"

"उचलतानाच फाटेल."

"चित्रही तसंच फाटतं. वरचा अर्धा भाग नवा, खालचा जुना. त्यावर पहिला उपाय काढला तो असा, की दोन-तीन भाकरी थापून रचून ठेवायच्या आणि तव्याने मागितली की पूर्ण झालेलीच द्यायची. चित्र फाटत नाही, पाण्यासारखं वाहतं. पण पानात पडते ती मघाची भाकरी. तू बटण आत्ता दाबलंस आणि दिसलं जरा वेळाने."

"शिळी," रंजिता म्हणाली.

"तीच. दुसरा उपाय म्हणजे तव्यालाच थांबायला शिकवायचं. भाकरी झाली की तवा घेईल, तोवर धीर धरेल. तुझ्या घरच्या मॉनिटरवर हेच होतं. आता हे नवे पडदे जेवणाऱ्याकडेही बघतात." तिने रंजिताच्या कपाळावरची पट्टी सरळ केली. "आपल्याला वाटतं डोळा सारखा बघत असतो. मेंदू तसं बघत नाही. तो घास घेतो, क्षणभर थांबतो, परत घास घेतो. प्रत्येकाचा ठेका निराळा. ही पट्टी तुझा ठेका वाचते आणि तोंड उघडलं की बरोबर तेव्हाच घास भरवते."

रंजिता खूश झाली. पुढचं अमृजाने तिला सांगितलं नाही. नव्या पडद्यांनी यंत्राचा उशीर जवळजवळ संपवला आणि त्यामुळे माणसांचा उशीर उघडा पडला. पूर्वी सगळेच थोडे उशिरा खेळत. हाताचा थोडाफार मंदपणा त्या गर्दीत खपून जायचा आणि ज्याला खेळ आधी वाचता येतो तो जिंकायचा. अमृजा खेळ वाचणारी होती. नव्या पडद्याच्या कोपऱ्यात मात्र तुमच्या स्वतःच्या उशिराचा आकडा लिहून येई. अमृजाचा आकडा दर मोसमात वाढत गेला. क्लबचे खैरनार सर भला माणूस. त्यांनी तिला चहा पाजला आणि म्हणाले, "तुला नजर आहे. ट्यूनर हो. राखीव खेळाडू म्हणून नावही ठेवतो." शर्वाणीने त्या संध्याकाळी तिचा हात धरला. "तू मागे आहेस म्हटल्यावर मला कसली काळजी?" ती म्हणाली. त्यातला ‘मागे’ हा शब्द अमृजाच्या मनात कुसासारखा रुतून बसला.

रंजिता वाईट असती तर बरं झालं असतं. ती वाईट नव्हती. फ्लॅटमधल्या तिसऱ्या खोलीत ती राहायला आली, तेव्हा गावाकडची तूरडाळ घेऊन आली. सकाळी उठून सगळ्यांचा चहा करायची. अमृजाला ताई म्हणायची आणि सांगितलेलं ऐकायची. तिचा राग करायला काही निमित्तच सापडत नव्हतं, आणि त्याचाच अमृजाला राग येई.

एकदा जेवताना शर्वाणी तिला पहिल्या स्पर्धेची गोष्ट सांगत होती. वीज गेली, बॅटरीवर खेळावं लागलं, शेवटच्या बुरुजाला सगळ्यांनी हात टेकले, ती गोष्ट. ही गोष्ट अमृजाने आणि शर्वाणीने मिळून शंभरदा सांगितली होती. अर्धं वाक्य एकीचं, अर्धं दुसरीचं. आता शर्वाणी ती एकटीच सांगत होती आणि अमृजा त्यातल्या एका वाक्यात उरकली गेली. रंजिता पोट धरून हसली. अमृजाने ताट उचललं.

"अगं, बस की," शर्वाणी म्हणाली.

"झालं माझं."

थंडी वाढली. जिल्ह्याच्या सामन्याच्या दिवशी रंजिता हातावर फुंकर घालत उभी होती. शर्वाणीने बोलता बोलता तिचे हात आपल्या हातांत घेतले आणि चोळायला लागली. तिच्या ते लक्षातही आलं नसावं. अमृजा मागे टॅबवर आकडे बघत होती. आकडे काही तिला दिसले नाहीत.

पुढच्या रविवारी दोघी मिसळ खायला निघाल्या. "चल ना," शर्वाणी म्हणाली. "पडदे बघायचेत," अमृजा म्हणाली. बाहेर सकाळचं ऊन असताना रिकाम्या सभागृहात बसून तिने रंजिताची मांडणी उघडली. सगळ्यात खोलवरच्या पानावर फ्रेमची रांग होती. तिथे शून्य होतं. थापली की लगेच तव्यावर. तिने तिथे दोन केलं. दोन भाकरी रचून ठेवल्या. चित्र फाटणार नव्हतं, अडखळणार नव्हतं, उलट जास्तच मऊ दिसलं असतं. फक्त हात आणि डोळा यांच्यात बारीकशी फट पडणार होती. डोळ्याला दिसली नसती इतकी, पण भाल्याला पुरेशी. कोपऱ्यातला आकडा तेवढा मोजत नव्हता, कारण तो आकडा माणसाचा होता आणि यंत्र स्वच्छ आहे असं तो धरून चाले.

रंजिताचे भाले आपल्याच जोडीच्या मिटलेल्या ढालीवर आपटायला लागले.

अमृजाला वाटलं होतं, शर्वाणी वैतागेल. सात वर्षांत अमृजाचा भाला जरा चुकला की शर्वाणीचं "उशीर" हे एकाच शब्दाचं फर्मान यायचं. पण इथे शर्वाणी म्हणाली, "घाई नको रंजू, मी आहे." सराव संपल्यावर ती तिला गोदेकाठी फिरायला घेऊन गेली. त्या दोन फ्रेमने दोघींना आणखी जवळ आणलं.

आणि मग, आठवडाभरात, रंजिता सावरली. भाले पुन्हा लागू लागले. दोन फ्रेमचा उशीर तसाच होता आणि ती पूर्वीइतकीच अचूक खेळत होती. अमृजाने मांडणी पुन्हा पुन्हा तपासली. असं का होतं ते तिला ठाऊक होतं, फक्त डोळ्यांसमोर घडताना ती पहिल्यांदा बघत होती. मेंदू फार जुळवून घेतो. हाताने केलेल्या कामाचं फळ रोज तेवढ्याच उशिराने दिसू लागलं, की मेंदू तो उशीर हिशेबातूनच काढून टाकतो. त्याला वाटतं, केलं आणि झालं एकाच वेळी. रंजिताच्या मेंदूने आपलं घड्याळ मागे सरकवून घेतलं होतं.

‘आता काढला काय नि राहिला काय,’ असं म्हणून अमृजाने तो तसाच राहू दिला.

राज्य स्पर्धा पुण्यात होती. तिथे यंत्रं आयोजकांची. ट्यूनरने फक्त आपल्या खेळाडूची मांडणी भरायची. अमृजा रंजिताची मांडणी भरत खोलवरच्या पानावर आली आणि थांबली. तिने तिथे शून्य टाकलं. त्या घटकेला तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. इथे तरी मुलीला तिचं हक्काचं यंत्र मिळू दे, असंच तिला वाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी छाती मोकळी झाली. सामन्याच्या तोंडावर काही बदलू नये, हा तर ट्यूनरचा पहिला नियम. पण केलेलं झाकायची घाई माणसाला आपला धंदाही विसरायला लावते.

सरावाच्या फेरीत रंजिताने दोन भाले सोडले आणि चटका बसावा तसे हात मागे घेतले.

"काय झालं?" शर्वाणीने विचारलं.

"माझ्या आधीच सुटतोय."

"काय सुटतंय?"

"भाला. मी दाबलेलं नसतं अजून, आणि तो गेलेला असतो." तिचे ओठ पांढरे पडले होते. "ताई, कुणीतरी माझ्या आधी खेळतंय."

अमृजाला सगळं एका क्षणात कळलं. रंजिताचा मेंदू अजून त्या दोन फ्रेमची वाट पाहत होता. उशीर नाहीसा झाला, पण मेंदूने तो वजा करणं सोडलं नव्हतं. त्यामुळे फळ आधी आणि कर्म मागून, असं उलटं जग तिला दिसत होतं.

पुन्हा एकदा बसवून पाहिलं. रंजिता रडायला लागली. स्पर्धेचे डॉक्टर म्हणाले, ताण आहे, विश्रांती द्या. खैरनार सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "राखीव कोण आहे आपल्याकडे?" त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांनाच माहीत होतं.

शर्वाणी अमृजाकडे वळली. "बसशील?"

बोलायची वेळ होती ती. एक वाक्य पुरलं असतं. अमृजा म्हणाली, "बसते."

खुर्ची तीच, पट्टी तीच. शर्वाणीने तिचे हात चोळून दिले. एवढ्या महिन्यांनी ते "दे" तिच्यासाठी आलं आणि तिने भाला सोडला. तो नेमका गेला. पण ढाल मिटली नाही. भाला निघून गेल्यावरही ती क्षणभर उघडी राहिली, आणि शत्रूचा बाण आत आला.

"सॉरी," शर्वाणी पुटपुटली.

पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. अमृजाचा भाला वेळेवर जायचा आणि ढाल जरा जास्तच उघडी राहायची; जेवायला कुणी यायचं असलं की दार लोटून ठेवतात, तशी. "हात ऐकत नाहीये माझा," शर्वाणी दात आवळून म्हणाली. समोरची जोडी कच्ची होती म्हणून त्या कशाबशा जिंकल्या. पण अमृजाला जे दिसायचं ते दिसलं होतं. शर्वाणी रंजितासाठी थांबायला शिकली होती. न सांगता, न कुरकुरता तिच्या बोटांनी त्या मुलीचा उशीर आपल्यात सामावून घेतला होता. सात वर्षांत ती अमृजासाठी कधी थांबली नव्हती. थांबायची वेळच आली नव्हती, हे खरं. पण मत्सराला खरंखोटं कळत नाही. आणि हे थांबणं शर्वाणीला शिकवलं कुणी, तर अमृजानेच.

खेळाडूंच्या खोलीत रंजिता पिशवी भरून बसली होती. फोनवर आईशी बोलत होती. "काकाला झालं होतं तसंच काहीतरी होतंय मला," ती हळू आवाजात सांगत होती. "हो, डोक्याचंच. बाबांना आत्ता सांगू नको."

त्या काकाबद्दल रंजिताने एकदा चहा करता करता सांगितलं होतं. शिकलेला, हुशार माणूस. आपली कामं आपल्या आधी कुणी दुसरंच करून जातं, असं म्हणायला लागला आणि पुढे कुणालाच ओळखेनासा झाला.

अमृजाने तिचा फोन संपू दिला. मग समोर बसली.

"तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. मी केलंय ते."

तिने सगळं सांगितलं. रविवार, रांग, दोन फ्रेम, पुण्यातलं शून्य. सांगून झाल्यावर रंजिताने विचारलं, "म्हणजे मला वेड लागत नाहीये?"

"नाही. तुझा मेंदू उलट फार चांगला आहे. म्हणून तर इतक्या लवकर जुळवून घेतलं त्याने."

रंजिताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले. "का केलंत पण?"

अमृजाने पुष्कळ कारणं तयार ठेवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "ती तुला ‘दे’ म्हणते म्हणून," ती म्हणाली.

शर्वाणी दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिच्या हातात चहाचे कप होते. दोनच. तशा अवस्थेतही अमृजाने ते मोजले.

शर्वाणीने कप खाली ठेवले. "तरीच ढाल उघडी राहत होती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर अमृजाला सोपं गेलं असतं. "किती म्हणालीस?"

"दोन फ्रेम."

"परत घाल."

खेळाडूला हवी तेवढी रांग ठेवायची मुभा नियमांत होती. इतका जुनाट उशीर कुणी मागत नसे एवढंच. पंचांनी मांडणी दोनदा वाचली. "नक्की ना?" त्यांनी विचारलं. "नक्की," रंजिता स्वतः म्हणाली. अमृजाने तिच्यासमोर दोनचा आकडा टाकला आणि मागे जाऊन उभी राहिली.

त्या दोघी उपांत्य सामन्यात जे खेळल्या ते बघायला बाकीच्या जोड्याही गोळा झाल्या. अंतिम सामना मात्र एका बुरुजाने गेला. दोन फ्रेम नसत्या तर तो बुरूज मिळाला असता का, हे तिघींपैकी कुणी बोललं नाही. परतीच्या बसमध्ये शर्वाणी रंजिताशेजारी बसली आणि सिन्नर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने अमृजाला सांगितलं, "तू काम सोडतेयस असं मी सरांना कळवलंय. कारण सांगितलेलं नाही. ते तुझ्यासाठी नाही केलं. आपल्या सात वर्षांना बट्टा नको म्हणून केलं."

"शर्वाणी, मी..."

"नको. आत्ता नको."

अमृजाने पंचवटीत एक खोली भाड्याने घेतली आणि एका शोरूममध्ये टीव्ही बसवून देण्याचं काम धरलं. गिऱ्हाइकांना चित्र मऊ हवं असे. ती देत असे.

पंधरवड्याने रंजिता तिथे आली. टीव्हींच्या रांगेत जरा वेळ घुटमळली आणि म्हणाली, "मला ते काढायचंय."

"नवीन ट्यूनर आलाय ना? त्याला सांग, एकदम नको, रोज थोडं थोडं उतरवायचं. मेंदूला कळू न देता."

"त्याला माझा हात माहीत नाही. तुम्ही घातलंय, तुम्हीच काढा. खैरनार सरांना विचारलंय मी. पण कळू न देता नको. काय दाबताय ते मोठ्याने बोलायचं. माझ्या डोक्यात काय चाललंय ते मला माहीत पाहिजे."

अमृजाने मान हलवली. मग न राहवून विचारलं, "मला माफ केलंस?"

"ते अजून ठरवलं नाही मी," रंजिता म्हणाली. "सकाळी शोरूमच्या आधी या."

अमृजा रोज सकाळी जाऊ लागली. दोन फ्रेमची फट तिने केसाएवढ्या तुकड्यांत वाटली होती. आधी सांगायची, मग उतरवायची, मग रंजिता खेळून बघायची. कधी "चालेल" म्हणायची, कधी "आज नको". नको म्हटलं की तिथेच थांबायचं.

एक दिवस शर्वाणीही आली. अमृजाकडे न बघता ती आपल्या खुर्चीत बसली आणि कपाळाला पट्टी लावली. बरोबर होतं तिचं; भाला लवकर येऊ लागला तर ढालीलाही नव्याने शिकावं लागणार होतं. दोघी खेळल्या. पहिले काही डाव चुकले, मग जमत गेले, आणि एका क्षणी ढाल इतकी नेमकी मिटली की शर्वाणीला स्वतःलाच नवल वाटलं. ती रंजिताकडे वळून काहीतरी पुटपुटली. रंजिता खुदकन हसली. काय बोलणं झालं ते अमृजापर्यंत पोहोचलं नाही.

तिला तोच जुना मत्सर वाटला. इतकं होऊनही तो जराही ओसरला नव्हता. तिने टॅबवरचं खोलवरचं पान उघडलं.

"उशीर आणखी थोडा कमी करतेय," ती मोठ्याने म्हणाली, आणि केला.